दारात यायचे साडेतीनशे

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये मराठी माणसानं घर घेतलं की दोन गोष्टी होतात. वास्तुशांतीसाठी गुरुजींची तारीख घेतली जाते आणि फ्रिजवर सुमंत हरकरेंचा फोन नंबर लागतो. गुरुजी एकदाच लागतात, सुमंतकाका दर हिवाळ्यात. सगळे त्यांना फर्नेसकाका म्हणतात, आणि उतारवयात मिळालेलं हे नाव काकांना मनापासून आवडायचं.

शिकागोच्या थंडीत घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी, म्हणजे फर्नेस, कधी सोमवारी सकाळी बंद पडत नाही. ती शनिवारी संध्याकाळी पडते, नाहीतर सणासुदीला. कंपनीला फोन केला की गोड आवाजाची बाई सांगते, ऑफिसची वेळ संपली आहे, माणूस पाठवू, पण नुसतं दारात यायचे साडेतीनशे डॉलर होतील. दुरुस्तीचे वेगळे. मग लोक म्हणतात, थांबा, आधी काकांना विचारू.

काका मूळचे नागपूरचे, शिकलेले इंजिनियर, पण जन्म गेला पंपांच्या कारखान्यात. फर्नेसशी त्यांचं नातं जुळलं ते रागातून. त्र्याऐंशी साली पहिलं घर घेतलं, त्या हिवाळ्यात एका रविवारी भट्टी थंड पडली. आलेल्या माणसानं एक वायर घट्ट केली, चार मिनिटांत पंचाऐंशी डॉलर घेतले आणि शीळ घालत गेला. काका त्या दिवशी नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून फर्नेसवरची दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आले आणि रत्नाकाकूंना म्हणाले, "ही लूट आहे लूट! पुन्हा या घरात हा माणूस येणार नाही."

तो पुन्हा आला नाही, हे खरं. पुढे मित्रांच्या घरीही आला नाही, मग मित्रांच्या मित्रांच्या. फिल्टर कधी बदललास? स्विच चुकून कुणी बंद केला का? बाहेरच्या पाइपवर बर्फ साचलाय का? काकांच्या फोनवरच्या एवढ्या प्रश्नांत निम्म्या भट्ट्या सुरू व्हायच्या. उरलेल्यांसाठी काका म्हणायचे, "फोन जरा फर्नेसजवळ धर," आणि नुसत्या आवाजावरून रोग सांगायचे. एक पैसा घेत नसत. घेत ते कौतुक. ते कुणाला आवडत नाही म्हणा, पण काकांना जरा जास्तच आवडायचं, हे त्यांच्यावर जीव टाकणारी माणसंही कबूल करतील.

यंदा मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये होता. साठेक माणसं, तिळगूळ वाटणं चाललेलं, आणि शंतनूचा फोन आला. शंतनू पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी इथे घर घेतलेला. बायको निधी, सहा महिन्यांची अनया आणि बाळासाठी आलेली त्याची आई, सुचित्राबाई, एवढी घरात माणसं. भट्टी बंद होती. कुणीतरी म्हणालं, "काका, स्पीकरवर टाका ना, आम्हीही शिकू." काकांनी टाकला. चारपाच प्रश्न विचारले आणि म्हणाले, "झाकण काढ. बर्नरच्या बाजूला छोटं लाल बटण वर आलेलं दिसतंय? दाब." फोनमधून भट्टी पेटल्याचा आवाज आला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. ते बटण मुळात वर का आलं, हा प्रश्न काकांच्या मनात त्याच क्षणी आला होता. पण कुणीतरी हातावर तिळगूळ ठेवला, कुणी पाठ थोपटली, आणि प्रश्न राहून गेला.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी शंतनूचा परत फोन आला.

"काका, सॉरी हं, संडेला डिस्टर्ब करतोय. फर्नेस परत ट्रिप झालं."

"परत म्हणजे?"

"त्या सॅटर्डेपासून रोज होतंय. पण मी तुम्ही सांगितलेलं बटण दाबतो, लगेच चालू होतं. आज मात्र सकाळपासून तीनदा दाबलं. काही पर्मनंट उपाय आहे का?"

काका खुर्चीतून उठले. ते बटण भट्टी चालू करण्यासाठी नसतंच. ज्वाळा आपली जागा सोडून बाहेर आली की ते उडतं आणि गॅस तोडतं, माणसं वाचावीत म्हणून. ते बटण हा पोरगा आठवडाभर दाबत होता.

"घरात सगळे बरे आहेत ना?"

"हो. आईचं डोकं दुखतंय रोज, तिला इथली थंडी सोसत नाही. अनया नुसती झोपून आहे, निधीला तेवढाच आराम."

"कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला नाही?"

"तो आणि धुराचा एकच आहे ना काका. आईनं फोडणी दिली की कोकलायचा. बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकलाय."

"शंतनू, फर्नेस बंद कर आणि सगळ्यांना घेऊन आत्ता बाहेर पड. गॅस कंपनीला फोन कर, इमर्जन्सी सांग, ते फुकट येतात. मग रिपेअरवाल्याला बोलव."

"आज संडे आहे काका, साडेतीनशे घेतील! तुम्हीच लूट म्हणता ना? उद्या रेग्युलर रेटमध्ये बोलावतो. तोवर तुम्ही एकदा आवाज ऐका, मी फोन जवळ धरतो."

"धरू नकोस!" काका ओरडले. "गाढवा, बाहेर पड म्हणतोय ना!"

काका ओरडलेले शंतनूनं कधी ऐकले नव्हते. पळापळ ऐकू आली, दार आपटलं, आणि मग थंडी लागून अनया रडायला लागली. ते रडणं ऐकून काका खुर्चीत बसले.

रत्नाकाकूंनी गाडी काढली. दोघं पोचले तेव्हा सगळे रस्त्याकडेला गाडीत बसले होते. गॅस कंपनीचा माणूस मीटर घेऊन आत गेला, बाहेर आला, आणि आज रात्री या घरात झोपला असतात तर, एवढंच बोलून थांबला. त्यानं गॅस तोडला आणि सगळ्यांना हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथे ऑक्सिजन दिला, रक्त तपासलं, अंधार पडताना सोडलं. मग रिपेअरवाला आला, त्यानं दारात साडेतीनशे घेतले आणि भट्टीच्या आतला, विषारी वायू घरात सोडणारा तडकलेला पत्रा टॉर्चनं दाखवला. भट्टी नवीनच बसवावी लागणार होती. शंतनूनं किंमत न विचारता हो म्हटलं.

शंतनूचं कुटुंब चार रात्री काकांकडे राहिलं. शंतनूनं मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, की काकांनी आमचा जीव वाचवला. शंभरेक जणांनी हात जोडले. देवमाणूस, कुणी लिहिलं. काका ते वाचायचे आणि फोन उलटा ठेवायचे. काकूंनी एकदाच विचारलं, "अहो, तुम्ही काही लिहिणार आहात का?" काका म्हणाले, "बघू." त्यांना लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षाही आपलं नाव जाईल याची भीती जास्त वाटत होती. हे कळत असल्यामुळे त्यांना रात्रभर झोप यायची नाही.

बुधवारी संध्याकाळी सुचित्राबाई जेवणाच्या टेबलापाशी मटार सोलत होत्या. काका समोर बसले.

"सुमंतराव," त्या मान वर न करता म्हणाल्या, "ते बटण दाबायला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"ते कशासाठी असतं, ते ठाऊक होतं?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. बाईंना भट्टीतलं काय कळणार होतं? पण गेले चार दिवस ज्यांनी त्यांना देवमाणूस म्हटलं नव्हतं अशा त्या एकट्याच होत्या.

"ठाऊक होतं," काका म्हणाले. "लोक टाळ्या वाजवत होते. मी विचार करायचा थांबलो."

सुचित्राबाईंनी पुढची शेंग उचलली. "आठवडाभर माझं डोकं फुटत होतं. वाटलं, वय झालं. सुनेला सांगायचीही लाज वाटली. अनया माझ्याच कुशीत झोपायची." त्यांनी दाणे वाडग्यात टाकले. "शंतनू माझं ऐकत नाही इतकं तुमचं ऐकतो. पैसे कसे वाचवायचे ते तुम्ही त्याला शिकवलंत. कधी टाकायचे, तेही शिकवायला हवं होतं."

"हो," काका म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गावातली शिवांगी होती.

"काका, फर्नेस बंद पडलंय. फिल्टर चेंज केला, स्विच पण बघितला. आत ते लाल बटण वर आलंय, तुम्ही संक्रांतीला सांगितलं होतं तेच. दाबू ना?"

"हात लावू नकोस. मुलांना घेऊन बाहेर पड, गॅस कंपनीला कळव आणि रिपेअरचा माणूस बोलव."

"अहो, सात वाजून गेलेत. साडेतीनशे घेतील."

"घेऊ देत. द्यायचे."

मग शिवांगी हळूच म्हणाली, "काका, तुमची तब्येत बरी आहे ना?"

सुचित्राबाईंचे हात थांबले होते. काका म्हणाले, "तब्येत बरी आहे. त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. शंतनूच्या घरात ते सगळं माझ्यामुळे झालं. आधी बाहेर पड, गाडीत बसलीस की फोन कर, मग सांगतो."

गाडीतून तिचा फोन येईपर्यंत काका येरझाऱ्या घालत राहिले. तो आला, सगळं सांगून झालं, आणि काका फोन हातात धरून उभे राहिले. हॉलमध्ये साठ माणसं होती. साठ जणांनी ते बटण शिकून घेतलं होतं. ग्रुपवर लिहिलं तर सगळे पुन्हा हात जोडतील, काकांचं मन किती मोठं म्हणतील आणि विसरून जातील.

"अगं," त्यांनी काकूंना हाक मारली, "संक्रांतीला कोण कोण आलं होतं, त्याची यादी आहे ना तुझ्याकडे?"

काकूंनी यादी आणून दिली. काकांनी चष्मा लावला आणि पहिल्या नावाला फोन लावला.