दादाच्या भाराचा गूळ

अक्षय्य तृतीया, सकाळी आठ. गूळ तीन मण दोन शेर. हजर : वहिनी, टेकडीवरच्या देवीचे पुजारी, धान्याचा व्यापारी भंवरलाल आणि मी. ज्याच्या भाराइतका तो गूळ जोखला, तो दादा, माझा थोरला भाऊ, मात्र हजर नव्हता. त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते...

संस्थान विलीन झालं आणि दादाची कचेरीतली नोकरी सुटली. रोज देवासच्या बाजारातून पायी जाणारा माणूस झोपाळ्यावर बसला तो बसलाच. तीन वर्षांत जिना चढताना मध्येच भिंतीला हात लावू लागला. हृदय थकलंय, वजन उतरवा, असं सांगून डॉक्टरांनी त्याला सुलोचना सिस्टरांच्या हवाली केलं. त्या धारहून बदलून आलेल्या. त्यांनी ‘हे बंद, ते बंद’ केलं नाही. “काका, पोळ्या किती?” “सहा.” “या महिन्यात पाच करू. पुढचं पुढे.” दवाखान्याचा काटा दादाला पुरेना, म्हणून दर रविवारी भंवरलालच्या पोत्यांच्या काट्यावर जोखायचं ठरलं. अट एकच, चालत यायचं. लोक हसतील म्हणून दादा अडला, तेव्हा सिस्टर स्वतः बरोबर चालू लागल्या. भंवरलाल ओरडायचा, “आवो भिया, आज कित्ती बोरी?” दादा म्हणायचा, “पोती मोजण्याआधी तुझा काटा तपासून घे!” आकडे मी वहीत लिहायचो. तीन मणांवरून आठ महिन्यांत दोन मण सव्वीस शेर. पोळ्या तीनवर आल्या. जिना एका दमात चढला त्या दिवशी दादाने मला बोलावलं आणि पुन्हा खाली जाऊन चढून दाखवला.

तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आनंदाचं समजलो. त्यांचे वडील क्षयाने गेले होते, असेच महिन्या-महिन्याने उतरत. दादाचा सैल झालेला सदरा पाहून त्या धास्तावल्या आणि देवीला नवस बोलल्या : यांचं अंग पहिल्यासारखं भरू दे, भाराइतका गूळ वाटीन. मग कणीक तुपात मळली जाऊ लागली, भाजीतही तूप जिरू लागलं. मी पाहिलं तेव्हा म्हणाल्या, “भावजी, कुणाला सांगाल तर माझी शपथ आहे.”

मी शपथ पाळली. आकडे चढू लागले. वहिनींना मी दोनदा समजावलं. “तुम्ही क्षय पाहिला नाही, भावजी,” एवढंच त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा बोललो नाही. सिस्टरांनी चालणं वाढवलं. दादा धापा टाकत चालला. एका रविवारी काट्यापाशीच त्यांनी विचारलं, “काका, खरं सांगा, बाहेर काही खाता?” दादाचा चेहरा पडला. “तीनच पोळ्या, सिस्टर. याला विचारा.” मी होकारार्थी मान डोलावली आणि आकडा लिहिला...

फाल्गुनात तीन मण दोन शेर भरले. त्याच आठवड्यात बुधवारी दादा जिन्याच्या सातव्या पायरीवर बसला, तो उठला नाही.

“देवीने तिचं दिलं, आपलं द्यायचं राहिलं,” वहिनी म्हणाल्या. भार जोखायला माणूस नव्हता, म्हणून वहीतला शेवटचा आकडा धरला.

सव्वा शेर देवीपुढे ठेवला, बाकी टेकडीच्या पायथ्याशी वाटला. त्यातला अर्धा शेर आणि ती वही घेऊन मी दवाखान्यात गेलो. “कशाचा प्रसाद?” सिस्टरांनी विचारलं. शपथ मोडून मी सगळं सांगितलं, तुपासकट. त्यांनी वही उघडून आकड्यांवरून बोट फिरवलं.

“म्हणजे काका खरं बोलत होते,” त्या म्हणाल्या.

गूळ त्यांनी ठेवून घेतला. वही मला परत दिली.