विद्युल्लताबाईंनी सही केली नाही

विद्युल्लता साळवे यांना राग आला की त्यांचा आवाज खाली जाई. मग समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. धारच्या वीज कार्यालयात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि तिथले लाइनमन एकमेकांना सांगत, "मॅडम हळू बोलने लगी भिया, अब गए काम से."

माहेर देवासचं. लग्न होऊन धारला आल्या, मूलबाळ झालं नाही, नवराही लवकर गेला. दीर कृष्णराव यांच्याच घरात वरच्या दोन खोल्यांत त्या राहत. कृष्णरावांचा मुलगा राजवीर त्यांच्याच मांडीवर वाढला. त्याचं अक्षर, त्याचे पाढे, रविवारच्या शाळेतली त्याची वचनं, सगळं काकूनं करून घेतलेलं. आता तो ठेकेदार होता, दारात मोठी गाडी होती, आणि काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन इंदूरला त्यानंच करून आणलं होतं. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते परक्या माणसांशी झालं नाही.

मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, कारभार बघायला जी चार-पाच माणसं निवडतात त्यांना चर्चमध्ये 'वडील' म्हणतात. धारच्या मंडळीत पहिली स्त्री वडील म्हणून विद्युल्लताबाई निवडून आल्या, तेव्हा आधीपासून वडील असलेले कृष्णराव म्हणाले होते, "बरं झालं, चहापाण्याची व्यवस्था नीट होईल." बाईंनी त्या दिवसापासून सभेत चहा केला नाही. शालिग्राम नावाचे निवृत्त कंपाउंडर, तेही एक वडील, थर्मासमधून चहा आणू लागले.

चर्चचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले ते फत्तेसिंग डावर. कुक्षीकडच्या एका पाड्यावर जन्मलेला भिलाला आदिवासी मुलगा. मिशनच्या वसतिगृहात शिकला, धर्मशिक्षण घेतलं, कन्नौदच्या लहानशा मंडळीत बरीच वर्षं काढली. मराठी वाचताना अडखळत, पण उपदेश असा करत की लहान पोरंही चुळबुळ विसरत. आजाऱ्याच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचत. त्यांची मोटरसायकल दारात दिसली नाही असं दुखणं गावात झालं नाही.

धारच्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये एक रीत होती. रविवारची उपासना संपली की पाळकाचं जेवण पाळीपाळीनं एकेका घरी. आधीच्या पाळकांच्या वेळी या पाळीवरून बायकांत भांडणं लागत. फत्तेसिंग आले आणि पाळी आलेल्या प्रत्येक घराला त्याच रविवारी नेमकं बाहेरगावी जायचं निघू लागलं. कुणाची बहीण आजारी, कुणाचं महूला लग्न. पाळकसाहेब उपासनेनंतर चर्चला कुलूप लावत, आणि "प्रभू बरोबर असो" म्हणून हसून आपल्या घरी जात. विद्युल्लताबाईंनी हे महिनाभर पाहिलं आणि मग त्यांना वरच्या खोलीत जेवायला बोलावलं. जाऊबाईंनी त्या दिवशी जिन्याखालची भांडी मुद्दाम आपटली.

"वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता," कृष्णराव म्हणाले. "त्यांनाच आपल्यात अवघडल्यासारखं होतं."

"त्यांनी दोनदा भात मागून घेतला, भाऊजी. अवघडलं कुणाला होतं ते मला दिसलं."

कापणीच्या सणाला पाड्यांवरची माणसं जीप करून आली. त्या सणाला आपल्या शेतातलं, झाडाचं, पहिलं जे असेल ते देवापुढे आणून ठेवायचं. शहरातल्या घरांनी दुकानातून आणलेली सफरचंदं ठेवली. पाड्यावरच्यांनी मक्याची कणसं, भोपळे, एक कोंबडा आणला. सीता नावाच्या एका म्हातारीनं फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं आणलं. त्यात पहाटे ताडावरून उतरवलेला ताजा रस होता. आपण मराठीत नीरा म्हणतो तो. ऊन चढू लागलं की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. सीतेनं पानाचा द्रोण भरला आणि पाळकांपुढे धरला. तिच्या गावात पहिला द्रोण ज्याला द्यायचा त्यालाच देतात, आणि तो परत केला तर माणूस अन्न टाकून उठल्यासारखं होतं.

"पी लो नी पादरीसाब, मीठो है."

फत्तेसिंगांनी सगळ्या मंडळीसमोर एक घोट घेतला, उपकारस्तुती केली, मडकं कणसांजवळ ठेवलं. झालं एवढंच.

नाही, आणखी एक झालं. उपासनेनंतर अंगणात जेवणं होती. गर्दीत उभं राहून कृष्णरावांना तहान लागली. कुणीतरी त्याच मडक्यातला ग्लास त्यांच्या हातात दिला. ते प्याले, मिशा पुसल्या, म्हणाले, "वा! शहाळी काय गोड आहेत! कुठली?" आणि दुसरा ग्लास मागून घेतला. शेजारी विद्युल्लताबाई उभ्या होत्या. त्यांनी मनात म्हटलं, माणूस आनंदानं पितोय, पिऊ दे.

पुढच्याच आठवड्यात राजवीर पाळकांकडे गेला. चर्चच्या नव्या हॉलचं काम त्यानं करून दिलं होतं. नाताळाआधी उद्घाटन, मोठे पाहुणे येणार, आणि तोवर आपण वडील झालेले असावं अशी त्याची इच्छा.

"रविवारी हात ठेवून टाका, साहेब. बाकी कागद-वागद नंतर करू."

नव्या वडिलाला नेमताना जुने वडील त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. पण त्याआधी त्याचं नाव लग्नाच्या पुकारासारखं तीन रविवार भर उपासनेत पुकारतात. कुणाची हरकत असेल तर बोला म्हणून विचारतात. मग मंडळी मत देते. माणूस उतावीळपणे नेमू नये, त्याची पारख होऊ द्यावी, हे पवित्र शास्त्रातच सांगितलेलं आहे.

"पुकार करतो," फत्तेसिंग म्हणाले. "येत्या रविवारपासून. तीन रविवार सगळ्यांना, तसे तुम्हालाही."

"सगळ्यांना आणि मला?" राजवीर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी कृष्णरावांच्या बैठकीत वडिलांची सभा बोलावली गेली. पाळकांना निरोपच नव्हता. टेबलावर बिशपसाहेबांच्या नावे टाइप केलेलं पत्र तयार होतं. पाळक डावर मद्यपान करतात, प्रभूच्या मंदिरात ताडी आणतात, सबब त्यांना ताबडतोब हलवावं. खाली कृष्णरावांची सही झालेली. शालिग्रामांनी पेन उघडलं होतं.

विद्युल्लताबाईंनी पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

शालिग्राम पुढे वाकले. "काय म्हणालात, बाई?"

"मद्यपान करताना. कुणी पाहिलं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे," कृष्णराव म्हणाले.

"सगळं गाव सही करणार आहे का? शालिग्रामभाऊ, तुम्ही पाहिलं?"

"मी म्हणजे... माझ्या कानावर आलं."

"कुणाकडून?"

शालिग्रामांनी राजवीरकडे पाहिलं. तो दारात उभा होता. सभेत बसण्याचा त्याला अधिकार नव्हता, म्हणून उभा.

"राजवीर, तू पाहिलंस?"

"काकू, कापणीच्या सणाला सगळ्यांसमोर पिए हैं वो. आणखी काय पाहायचं?"

"तू त्या दिवशी उज्जैनला साडूच्या घरी होतास. मी स्वतः तुझ्या डब्यात पराठे भरले."

राजवीर मोबाइलकडे बघू लागला.

"मी होते," बाई म्हणाल्या. "त्यांनी एक घोट घेतला. भाऊजी, तुम्ही त्याच मडक्यातले दोन ग्लास प्यालात. शहाळी म्हणून."

मग शालिग्रामांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात बुडवलं. कृष्णरावांचा चेहरा लाल झाला.

"ते... ते शहाळं नव्हतं?"

"नव्हतं. आणि तुम्ही प्यालात तोवर ऊन चांगलं चढलं होतं. पाळकसाहेबांचा घोट तुमच्यापेक्षा ताजा होता."

"आम्ही अजाणता प्यालो, वहिनी! त्यांनी जाणूनबुजून घेतलं. त्या लोकांना बरोबर कळतं काय आहे ते. रक्तातच असतं त्यांच्या."

झालं. मनात होतं ते बाहेर पडलं. ताडी नव्हे, नियम नव्हे, प्रभूचं मंदिर तर नव्हेच. 'ते लोक'. ज्या माणसाच्या हातून हे रविवारी प्रभूभोजनाची भाकर घेत होते, ज्यानं यांच्या आईच्या कबरेवर पावसात उभं राहून प्रार्थना केली होती, तो अजून यांच्या लेखी 'ते लोक' होता. आपल्या सासूबाई शेवटच्या दिवसांत कुणाचा हात धरून बसायच्या ते विद्युल्लताबाईंना आठवलं. मुलाचा नव्हे. याच पाळकाचा.

"शास्त्रात काय लिहिलं आहे?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की शालिग्रामांनी कानाला हात लावला. "मंडळीच्या पुढाऱ्यावर आरोप आला तर दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय तो ऐकूनही घेऊ नये. ऐकूनही! तुम्ही तर टाइप करून आणलात. आणि खरंच पाप केलं असेल तर सगळ्यांसमोर बोला, त्यांना समोर बसवून. असं चोरून बैठकीत नव्हे."

"काकू, आप बेकार में बात वाढवताय," राजवीर म्हणाला. "घरातली गोष्ट आहे. तुमचा मुलगा वडील होणार आहे."

"मुलगा म्हणूनच सांगते. तुला नाही म्हणणारा पहिला माणूस भेटला आणि तू त्याची भाकरी काढायला निघालास. असल्या माणसावर मी हात ठेवायचा?"

त्यांनी सही केली नाही. शालिग्रामांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि शेवटी कृष्णरावांच्या नजरेला घाबरून सही केली. पत्र गेलं.

त्या आठवड्यात विद्युल्लताबाईंच्या खोलीत खालून वर कुणी आलं नाही. दूध जिन्यात ठेवलेलं असे. राजवीरची धाकटी मुलगी एकदा वर धावत निघाली होती, तिला अर्ध्या जिन्यावरून हाक मारून परत नेलं. बाईंना ते फार लागलं. तरी त्यांनी देवासला, बिशपसाहेबांनी चौकशीसाठी नेमलेल्या जुन्या पाळकांना, फोन केला. "शिफारस करायला फोन केला नाही. आरोप खरा असेल तर त्यांना खुशाल काढा. पण चर्चमध्ये बसून विचारा, आमच्या बैठकीत नव्हे. पाड्यावरच्या माणसांनाही बोलवा. मडकं त्यांचं होतं."

देवासचे पाळक रविवारी आले. बसमधून उतरले ते थेट चर्चमध्ये. कृष्णरावांनी पाठवलेली गाडी त्यांनी नाकारली, तेव्हाच बाईंना थोडा धीर आला. उपासना झाल्यावर त्यांनी कुणालाही घरी जाऊ दिलं नाही. फत्तेसिंगांना पहिल्या बाकावर बसवलं आणि पत्र मोठ्यानं वाचलं. फत्तेसिंगांची बायको मान खाली घालून ऐकत होती.

"साक्षीदार कोण?"

राजवीर उठलाच नाही. शालिग्राम उठले. "साहेब, मी ऐकीव गोष्टीवर सही केली. मला लाज वाटते." आणि बसले. कृष्णराव उठले, द्रोण म्हणाले, परंपरा म्हणाले, पावित्र्य म्हणाले.

"तुम्ही स्वतः त्यांना कधी नशेत पाहिलंत? हो की नाही?"

"तसं... नाही."

मग देवासच्या पाळकांनी फत्तेसिंगांना विचारलं. "घेतला घोट," ते म्हणाले. "आजीनं पहिला द्रोण मला दिला होता. कुणाला अडखळण झालं असेल तर पुढच्या वेळी कपाळाला लावून परत देईन. पण त्या आजीला कुणी पापी म्हणू नका." बस, एवढंच. आपली बाजू त्यांनी याहून जास्त मांडली नाही.

देवासच्या पाळकांनी आरोप निकालात काढला. राजवीरचं नाव इतरांसारखंच तीन रविवार पुकारलं जाईल म्हणाले. राजवीर तिथल्या तिथे उठून बाहेर गेला. त्याला वडील व्हायचं नव्हतं आता. लोक उठू लागले, बाकांचा आवाज झाला.

विद्युल्लताबाई उभ्या राहिल्या. "अजून संपलं नाही. पंधरा दिवस या माणसाचं नाव घराघरात उष्टावलं. ते कुजबुजत केलं. परत घेताना मोठ्यानं घ्यायचं. भाऊजी, पुढे या."

कृष्णरावांनी देवासच्या पाळकांकडे पाहिलं. त्यांनी नुसता हात पुढे केला, या म्हणून. कृष्णराव वेदीपाशी गेले आणि छातीतल्या छातीत म्हणाले, "पाळकसाहेबांविषयी जे लिहिलं गेलं ते चौकशी न करता लिहिलं गेलं."

"कुणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"मी लिहिलं."

"मागच्या बाकांवर ऐकू गेलं नाही, भाऊजी."

मागच्या बाकांवर पाड्यावरची माणसं बसली होती. कृष्णरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मान वर केली. "मी लिहिलं! खोटं होतं. पाळकसाहेब, मला क्षमा करा."

मागून सीता म्हातारी ठणकावून बोलली, "हां, अब सुणायो!"

सगळं चर्च हसलं. फत्तेसिंगही हसले, उठले, आणि त्यांनी कृष्णरावांचे दोन्ही हात हातात घेतले. विद्युल्लताबाईंना काही हसू आलं नाही. त्या उभ्याच होत्या. पदरानं मान पुसत त्या कृष्णराव फत्तेसिंगांच्या बायकोकडे वळतात का ते बघत होत्या, कारण चुलीपाशी बसून पंधरा दिवस सगळ्यात जास्त ऐकलं होतं ते तिनं. कृष्णराव वळले नाहीत. तेव्हा बाईंनी पुन्हा तोंड उघडलं, आणि पुढच्या बाकावरचे पुरुष ऐकण्यासाठी वाकले.