आधी भिंत, मग डबा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या क्लासच्या दाराशी बसलं की किस्से आपोआप साचतात. जुना डबा उघडला की आतल्या पंख्यावर धुळीचा मऊ थर असतो ना, तसे. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, रोज थोडी थोडी बसत जाते. मग एकदा फुंकर मारली की नाकातोंडात जाते. तुम्ही विषय काढलात म्हणून आज फुंकर मारतो. सावकाश सांगेन, घाई मला जमत नाही.

मी मंडईत हमाली केली. शाळेशी फारसा संबंध आला नाही. गुडघे गेले तेव्हा शेख सरांनी त्यांच्या कर्वेनगरच्या क्लासात मला दाराशी बसवलं. पाणी भरायचं, चपला रांगेत लावायच्या, दुरुस्तीला आलेले डबे उचलून टेबलावर ठेवायचे. मुलं ज्याला कॅबिनेट म्हणतात त्याला मी डबा म्हणतो. आता सरही डबाच म्हणतात.

याच क्लासात माझी सून सुमन शिकायला आली. मुलाची कंपनी पुण्यातून उठून गेली, तेव्हापासून तो मिळेल तसा कुणाचा तरी टेम्पो चालवतो. आमची भाड्याची खोली पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला. ती ठेवायची, की नातीला शाळेतून काढून सगळ्यांनी गावाकडे जायचं, हे सुमनला नोकरी लागते की नाही यावर ठरणार होतं. त्यामुळे हे किस्से सांगताना आज हसू येतं, पण घडत होते तेव्हा येत नव्हतं.

*

सरांचा पहिला धडा एका ओळीचा. "आधी भिंत, मग वायर, मग डबा."

म्हणजे कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून कुणी आलं, की लगेच स्क्रूड्रायव्हर काढायचा नाही. आधी भिंतीवरचं बटण बघायचं. मग वायर दोन्हीकडून घट्ट आहे का ते. मग डब्याच्या मागचं छोटं बटण. त्यानंतर डबा उघडायचा.

मुलांना वाटलं, हे काय शिकवणं झालं? त्याच आठवड्यात एक गृहस्थ रिक्षातून अख्खा कॉम्प्युटर घेऊन आले. घामाघूम. म्हणाले, "अहो, पूर्ण बंद पडलाय. सगळं आयुष्य आहे त्याच्यात."

सरांनी वायर लावली, बटण दाबलं. चालू झाला.

"इथे कसा काय चालू झाला?" गृहस्थ म्हणाले.

"इथे भिंतीवरचं बटण चालू आहे," सर म्हणाले.

गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाले, "घरी एक फोन करतो."

मी हे रात्री जेवताना सांगितलं. मुलगा हसला, नात हसली. सुमन हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. त्याचं कारण आहे. बटण दिसलं की बंद करायचं, ही माझी जुनी खोड. खोलीत माणूस दिसला नाही की माझा हात भिंतीकडे जातोच. आमच्या घरात एखादी वस्तू चालली नाही तर त्या वस्तूकडे कुणी बघतच नाही. मिक्सर फिरला नाही की सुमन स्वयंपाकघरातून, मानसुद्धा न वळवता, विचारते, "बाबा, बटण तुम्ही बंद केलंत ना?"

मी वर पंख्याकडे बघतो. पंखाही मीच बंद केलेला असतो.

*

दुसरा धडा हात लावण्याचा. डबा उघडला की आतल्या कशालाही शिवण्याआधी उघड्या पत्र्याला हात लावायचा. आपल्या अंगावर बारीक वीज साठलेली असते, ती पत्र्यात निघून जाते. नाहीतर आतला एखादा नाजूक भाग जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे ऐकल्यापासून सुमनची झोप उडाली. "बाबा, मला कळणारच नाही म्हणे. जळलं तर?"

जळलं तर. त्या क्लासात सगळ्यात जास्त बोलले गेलेले शब्द हेच असतील. सगळी मुलं डब्यासमोर अशी बसायची की जणू आत कुणी झोपलंय आणि त्याला जाग येता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पत्र्याला हात लावला. आणि अख्ख्या रांगेने तोच हात उचलून छातीला लावला. पुस्तकाला पाय लागला की आपण करतो ना, तसं. कुणी ठरवलं नव्हतं. सर बघत राहिले.

"मी हात लावायला सांगितलं होतं. पाया पडायला नाही."

अमरावतीकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, आपोआप होऊन राहिलं ना."

"होऊ द्या. पण मधेच केसांवरून हात फिरवलात तर पुन्हा पत्र्याला हात लावायचा. म्हणजे पुन्हा नमस्कार. संध्याकाळपर्यंत डबा देव्हाऱ्यात जाईल."

नंतर एकदा कुणाचं तरी महागाचं मशीन आलं. सर एकटेच काम करत होते. त्यांनी पत्र्याला हात लावला आणि हात छातीपर्यंत गेला. तेवढ्यात मी त्यांना दिसलो. मग त्यांनी तोच हात मानेवर नेला आणि मान खाजवली.

"अप्पा, पाणी भरलंत का?"

*

मग डब्यातली माणसं कोण कोण ते सरांनी समजावलं. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारा. रॅम म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. लाइट गेली की ओट्यावर मांडलेलं सगळं जातं, फडताळात ठेवलेलं राहतं.

सुमनने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. "सर, ओटा लहान असला तर?"

"तर सारखं फडताळाकडे पळावं लागतं. म्हणून मशीन हळू चालतं."

"आमचा लहानच आहे."

"मग ताई, तुम्हाला रॅम समजली."

थोड्या वेळाने एका मुलाने दुरुस्तीला आलेला डबा उघडला आणि ओरडला, "सर, यात रॅमच नाही!" कुणीतरी आधीच काढून घेतली होती.

तो डबा मीच उचलून आणला होता. मी दारातून म्हटलं, "मला उचलतानाच वाटलं होतं, ह्यात काही राम नाही."

सगळा क्लास हसायला लागला. मी विनोद केला नव्हता हो. त्या वस्तूचं नावच तसं आहे अशी माझी समजूत. पण सुमनही हसली, पदर तोंडाला लावून. क्लासात आल्यापासून पहिल्यांदा. म्हणून मी चूक कबूल केली नाही.

*

डबा चालू करताना सगळं ठीक असेल तर आतून एकच छोटा आवाज येतो. बीप. तोच आवाज लांबट आला, किंवा पुन्हा पुन्हा आला, तर आत काहीतरी बिनसलंय. पुष्कळदा रॅम नीट बसलेली नसते. त्यामुळे कुणी बटण दाबलं की क्लासात श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही.

एकदा त्या अमरावतीच्या मुलाने बटण दाबलं आणि आवाज आला. बीप बीप बीप बीप. पोराचा चेहरा उतरला. बंद केलं, रॅम काढली, तिची कड खोडरबराने पुसली, खाचेत बसवली, दोन्हीकडून कट्ट वाजेपर्यंत दाबली. पुन्हा बटण. बीप बीप बीप. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. त्याच्या कपाळावरचा घाम टेबलावर पडायच्या बेतात होता.

सर आले. ऐकलं. खिडकीपाशी जाऊन खाली बघितलं.

"सोसायटीत पाण्याचा टँकर मागे घेतायत. त्याचीही रॅम काढायची का?"

मुलं अजून ते आठवून हसतात. सुमनच्या मात्र तो आवाज डोक्यात बसला. संध्याकाळी माझा मुलगा गल्लीत टेम्पो मागे घ्यायला लागला की ती भाकरी थापायची थांबायची. आवाज पूर्ण बंद झाला की मग पुढची थाप.

*

तिची पहिली परीक्षा. सगळं मशीन सुटं करायचं, पुन्हा जोडायचं, चालू करून दाखवायचं.

मी दारातून बघत होतो. तिने सगळं बरोबर केलं. मला त्यातलं कळत नाही, पण सरांचा चेहरा कळतो. डबा बंद केला आणि बघते तर टेबलावर एक स्क्रू.

स्क्रू उरला म्हणजे आत काहीतरी राहिलं. तिने पुन्हा सगळं उघडलं. पंखा बघितला, डिस्क बघितली, एकेक भोक बोटाने चाचपलं. कुठेच रिकामं नाही. पुन्हा बंद केलं. स्क्रू तिथेच. पुन्हा उघडलं. तेवढ्यात वेळ संपली.

"ताई, बटण तरी दाबायचं होतं," सर म्हणाले.

मग शेजारच्या टेबलावरचा मुलगा खाली वाकून शोधत आला. "ताई, माझा एक स्क्रू इकडे घरंगळला का?"

सुमनने तो त्याच्या हातात दिला.

मांजरीपर्यंत बसमध्ये ती बोटांवर एकेक स्क्रू मोजत आली. उतरल्यावर म्हणाली, "बाबा, मशीन बरोबर होतं."

"हो ना."

"मी बटणच दाबलं नाही."

*

दुसरी परीक्षा घ्यायला बाहेरच्या मॅडम आल्या. एका सर्व्हिस सेंटरच्या. त्यांना या तुकडीतून एकच माणूस हवा होता. इकडे माझा मुलगा शाळेत जाऊन नातीचा दाखला कधी मिळेल ते विचारून आला होता. त्याने सुमनला सांगितलं नव्हतं. पण नातीने सांगितलं होतं.

मॅडम मोजकं बोलणाऱ्या. एकाने विचारलं, "मॅडम, मशीन अवघड आहे का?" त्या म्हणाल्या, "मशीनला विचारा."

सकाळी खोली रिकामी असताना त्यांनी डब्यात दोन खोड्या केल्या. रॅम अर्धी उचलून ठेवली, डिस्कची वायर सोडवली. मग टेबलामागे वाकून बघितलं आणि मला हाक मारली.

"आजोबा, खालच्या बोर्डावरचं डब्याचं बटण बंद करा. स्क्रीनचं चालू राहू द्या. आणि कुणाशी बोलायचं नाही."

"नाही बोलणार," म्हटलं.

जन्मभर मी न सांगता बटणं बंद करत आलो. पहिल्यांदा कुणीतरी करायला सांगितलं आणि हात उचलेना.

एकेक मुलगा आत जायचा, मागच्या दाराने बाहेर पडायचा, मग मॅडम दोन्ही खोड्या पुन्हा करून ठेवायच्या. कुणाकुणाला वायरच सापडली नाही. अमरावतीच्या मुलाला दोन्ही खोड्या सापडल्या, पण डबा चालू होईना म्हणून त्याने एवढं काही सुटं केलं की शेवटी सरांना आवरायला जावं लागलं. बटण तसंच बंद होतं. सुमनचं नाव शेवटी.

ती बाकावर माझ्याशेजारी बसली होती. पाणी मागितलं.

"बाबा, जळलं तर?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी म्हटलं, "सावकाश कर."

"तुम्हाला एवढा घाम का आलाय?"

"उकडतंय."

"पंखा तुम्हीच बंद केलाय," असं म्हणून ती आत गेली.

दार अर्धं उघडं होतं. तिने आधी स्क्रीनकडे बघितलं. त्याचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे भिंतीत वीज आहे, असं धरून ती पुढे गेली. डबा उघडला. पत्र्याला हात लावला, हात छातीकडे निघाला, तिने तो मधेच आवरला. रॅम सापडली. कट्ट. वायर सापडली. डबा बंद केला, टेबलावर स्क्रू उरलाय का बघितलं. नव्हता.

बटण दाबलं.

काही नाही. पंखा नाही, बीप नाही. पुन्हा दाबलं. मॅडमनी घड्याळ बघितलं. सुमनचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला. तो हात मी ओळखला, त्या उरलेल्या स्क्रूच्या दिवशीचा होता. आता ती सगळं उघडत बसणार. मला बघवेना. मी वर पंख्याकडे बघितलं.

आतून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि मग, मानसुद्धा न वळवता, स्वयंपाकघरातल्या आवाजात,

"बाबा, बटण तुम्ही बंद केलंत ना?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी पंख्याकडेच बघत राहिलो.

सुमन वाकली, टेबलामागे हात घातला. खट्. उठली, डब्याचं बटण दाबलं.

बीप. एकच.

खाली टँकर आहे का म्हणून सर खिडकीपाशी जाऊन बघून आले. नव्हता.

"कसं ओळखलंत?" मॅडमनी विचारलं.

"घरी मिक्सर आहे, मॅडम."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हे कोण?"

"सासरे."

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. "येताना यांना आणू नका."