गगनबावडा म्हणता येईपर्यंत

माईकवर आधी नखाने टकटक, आणि मग एका दमात, "पावणं, दमानं घ्या, गाडी तुमच्यासाठीच हाय!" नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या स्टँडवर तुम्ही एसटीची वाट पाहिली असेल, तर हा आवाज ऐकला असेल. चेहरा बहुधा पाहिला नसेल. मी रोज पाहायचो, चौकशीच्या खिडकीमागे शेजारच्याच खुर्चीवरून.

एकदा या निवेदकाची अक्कलदाढ आडवी आली. "अक्कल आली ती उशिरा, वर वाकडी," असे सांगत तो दवाखान्यात गेला आणि कापसाचा बोळा चावत मुका होऊन बाहेर आला. घरची माणसे गडहिंग्लजला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलाच बजावले: भूल उतरण्याआधी गोळी, गालाला बाहेरून बर्फ, आज शेक अजिबात नको.

संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या त्याच्या खोलीत तो कळवळू लागला. ठणक्याला बर्फ लावायचा, हे माझ्या मनाला पटेना. आमच्या घरी ठणका म्हटला की शेक. मी जाडे मीठ तव्यावर भाजले, फडक्यात बांधले आणि गाल शेकला. त्याला बरे वाटले, म्हणून आणखी शेकला.

सकाळी गाल टम्म. तोंडात बोट शिरेना.

"शेकलं कुणी?" बाई कडाडल्या.

त्याने दातांतल्या दातांत म्हटले, "मीच की."

स्टँडवर त्याचे नाव 'भाजकं मीठ' पडले. हसणाऱ्यांत मीही होतो. ते मीठ माझे होते, हे आज लिहून ठेवतो.

त्याला थट्टेचे काही नव्हते. तोंड असेच राहिले तर माईक जाईल, हीच धास्ती. बाईंनी धीर दिला. सूज उतरेल, दुखायची वाट न बघता गोळी घ्या, मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या चुळा भरा, आणि रोज थोडे थोडे तोंड उघडा.

त्याने गावांची नावे घेऊन तोंड उघडायला सुरुवात केली. 'मिरज' दात न उघडता निघायचे. 'सांगली'ला कळ यायची. 'गगनबावडा'तल्या 'बा'ला तर तोंड पुरते उघडावे लागे. "गगनबावडा लई लांब हाय," तो आरशाला सांगायचा.

"दमानं घे," मी म्हणायचो.

"माझंच मला शिकवतोस व्हय रं?"

आणि एका सकाळी टकटक झाली. 'गगनबावडा' स्टँडभर घुमले, त्यातल्या 'बा'सकट. खिडकीमागे दोघे का हसताहेत, ते प्रवाशांना कळले नाही.

"बाईंना माझं नाव का सांगितलं नाहीस?" मी विचारले.

"शेकताना तुझी बोटं भाजलेली दिसली की मला."

आता तो नाही. स्टँडवर दुसराच आवाज आहे. माझ्या नातीची दाढ काढली, तेव्हा मी रुमालात बर्फ घेऊन तिच्या उशाशी बसलो. सूज उतरली, तरी तोंड उघडायला ती घाबरत होती.

"गगनबावडा म्हण," मी म्हटले.

"गगन..." तिने गाल धरला.

"दमानं. गाडी तुझ्यासाठीच हाय."

ती हसली, आणि हसता हसता 'बा' म्हणून गेली.