बोअरच्या पाण्याचे चार डबे

लातूर जिल्हा नवा होता, पाऊस दडी मारून बसलेला. माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या मुरमाच्या धावपट्टीवर तेव्हा जे घडलं, ते अजून मनातून जात नाही.

भूजल खात्याचे एक अधिकारी चार आसनांच्या विमानाने आले होते. जळकोटकडच्या एका गावात त्यांनी दाखवलेल्या जागी बोअरला पाणी लागलं. परतताना भर दुपारी विमान पट्टीच्या टोकापर्यंत पळालं, पण हवेत उठलं नाही. वैमानिकाने वेळीच इंजिन बंद केलं. विमान बाभळीत अडकलं. तो, अधिकारी आणि त्यांचा सहायक, तिघेही वाचले.

संध्याकाळी खबर मिळाली की गडबडीत पट्टीच्या चौकीदाराने विमानातून डबे काढून आपल्या खोलीत लपवले. पंचांसमक्ष झडती घेतली. गोडेतेलाचे चार पत्र्याचे डबे मिळाले, आत पाणी. माझा संशय पक्का झाला: याने पेट्रोल काढून टाकीत पाणी भरलं असणार.

चौकशीत तो एवढंच म्हणाला, "चूक माझी हाय साहेब. दुसऱ्या कुणाला यात ओढू नका." मी आवाज चढवला, नोकरी जाईल, तुरुंगात जाशील, अशी भीती घातली. खोटं बोलणारा सहसा फार बोलतो. हा गप्प होता. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वैमानिक हाताला पट्टी बांधून ठाण्यात आला. टाकीतलं पेट्रोल त्याने काचेच्या बाटलीत आणलं होतं, स्वच्छ.

"इंजिन चांगलं होतं, विमान जड होतं," तो म्हणाला. वजन वाढलं की हवेत उठायला वेग जास्त लागतो आणि तो वेग यायला वेळही जास्त लागतो, म्हणून पट्टी अपुरी पडते. त्यात उन्हाने हवा विरळ, टाकी काठोकाठ. मग जप्त केलेल्या डब्यांकडे बघून तो ठाण्यात बसवून ठेवलेल्या चौकीदाराकडे वळला. "डबे मागच्या सीटच्या मागे होते ना, दादा?"

चौकीदाराने पहिल्यांदा मान वर केली. तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली. बोअरला पाणी लागलं त्या गावची; चौकीदारही तिथलाच.

"त्याला काय इचारता? डबे म्या ठिवले."

"मावशी, तू गप बस."

"तू बसलास की गप. काय झालं त्यानं?"

ज्याने पाणी दाखवलं त्याला पहिलं पाणी द्यायचं, असं गावाने ठरवलं होतं. भूजलचे साहेब नारळसुद्धा घेत नव्हते, म्हणून न सांगता ठेवलं. एक खुर्ची रिकामी आहे, एका माणसाएवढं वजन चालेल, असा चौकीदाराचा हिशोब होता.

"पाणीच हाय की, म्हणलं," म्हातारी पुटपुटली.

वैमानिकाने जबाब दिला: विमानात काय चढलं हे बघणं माझं काम, मी मागे वळून पाहिलं नाही. हा जबाब त्याच्याच अंगावर येणार होता. मी तसं सांगितलं. त्याने सही केली. चौकीदाराची नोकरी त्या सहीने वाचली.

विमान दुरुस्त झालं तेव्हा म्हातारी कळशी घेऊन हजर. अधिकारी आणि वैमानिक तिथेच उभ्याने पोटभर पाणी प्याले. वैमानिकाने पट्टीवर चुन्याच्या फक्कीची आडवी रेघ मारली. इथवर उठलं नाही तर थांबायचं, म्हणाला. सकाळची थंड हवा होती. विमान रेघेच्या बरंच अलीकडे हवेत उठलं.

आम्हा पोलिसांना वाईट हेतू शोधायची सवय. त्यानंतर कुणी असा गप्प बसला, की मी आधी विचारायचो, हा कुणाचं चांगुलपण झाकतोय?

चौकीदार मात्र विमानाकडे पाहत नव्हता. तो रिकामी कळशी डोक्यावर घेऊन मावशीच्या मागे चालला होता.