पाईपचा तुकडा

देवास गेटच्या बसस्टँडला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी एक शेतकरी काका बसले होते. मांडीवर हातभर लांबीचा जाड काळा पाईप, नातवाला धरावं तसा! गचका बसला की आधी पाईप सांभाळायचे, मग डोक्यावरचा साफा.

मी विचारलं, तर खुशीत सांगू लागले. तळ्याकाठी त्यांचा गहू. तळं आटत आलं की तळाशी उरलेलं पाणी पाखरांचं, म्हणून काकांनी पंपाचा पाईपच खालून कापला होता. आता तो तिथवर पोचणारच नव्हता. कापलेला तुकडा ते शहरात, फ्रीगंजला लेकीकडे ठेवायला निघाले होते.

“घर पे क्यों नहीं रखते, काका?”

ते खो खो हसले. “गेहूँ सूखने लगा तो मैं ही वापस जोड़ दूँगा, भैया! बेटी तो माँगने पे भी नहीं देगी.”