दारावरचा कडुलिंब

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावलं की लोक दोनच अर्थ काढायचे. एक तर घरात भांडण, नाहीतर माणसं गावाला गेलीत. त्यामुळे परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "हिला घरी न्या, पण बाहेरचं कुणी आत घेऊ नका," तेव्हा मला रडतारडता हसू आलं. बाई, चाळीत कधी राहिलात का हो?

माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर. औषधांनी तिचे केस गेले होते, अंगात रोगाशी झगडायचं त्राण उरलं नव्हतं. "कुणाची साधी सर्दीही हिला सोसणार नाही. आणि कांजिण्या झालेलं मूल तर जवळपाससुद्धा नको, जिवावर बेतेल," असं बाईंनी बजावलं होतं. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

संप संपला तरी मिलने ह्यांना परत घेतलं नव्हतं. हे मसाल्याच्या डंकावर मिरच्या कुटायला जायचे. घरी आले की आधी मोरीत शिरायचे. आंघोळ, धुतलेला सदरा, मगच लेकीजवळ. मी दिवसभर उकळत असायची. पाणी उकळ, तिची ताटवाटी उकळ, फडकी उकळ. "आता मलाच तेवढं उकळायचं राहिलंय," हे म्हणायचे.

पण माणसांचं काय करायचं? कडी लावली तर बाहेरून थापा, नुसतं लोटलं तर ढकलून आत. कुणी अंगारा घेऊन यायचं, कुणी शहाळं, कुणी नाक पुसत पुसत "पोरीला बघायला". एकीला मी उंबऱ्यातूनच परत पाठवलं, तर गॅलरीभर झालं, हिला शिंगं फुटलीत. माझं डोकंच सणकलं. बाहेर येऊन ओरडले, "माझी पोर जाते की राहते कळत नाही, आणि तुम्हाला मानपान सुचतोय होय!" शेजारची मालवणी बाई, जिच्याशिवाय माझा सकाळचा चहा व्हायचा नाही, तीही त्या दिवसापासून बोलेनाशी झाली.

शेवटी ह्यांनीच कुठून तरी कडुलिंबाचा डहाळा आणला आणि चौकटीला बांधून टाकला. मी बघतच राहिले. कांजिण्या आल्या की आमच्याकडे देवी आली म्हणतात. दाराला कडुलिंब दिसला की त्या घरात कुणी पाऊल टाकत नाही, आणि कुणाला रागही येत नाही. पण ज्या दुखण्याची आम्हाला सगळ्यात धास्ती, त्याचंच सोंग!

"अहो, देवी कोपेल," मी म्हटलं.

"तिला सांगितलंय मी. पोरीसाठी आहे म्हणून."

आणि काय सांगू, दुपारपर्यंत गॅलरी चिडीचूप. शहाळी उंबऱ्याबाहेर राहायला लागली, येणारे-जाणारे लांबूनच हात जोडायला लागले. हुश्श! त्याच संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, लसणीचं वरण दे ना." कित्येक दिवस अन्नाकडे बघत नव्हती ती. मला कोण आनंद झाला! तेल कडकडीत तापवलं, लसूण ठेचून चर्र केली, आणि पोरीने वाटी चाटूनपुसून खाल्ली. मग काय, रोजच फोडणीचं वरण.

मध्येच एके दिवशी शेजारणीच्या दाराला कुलूप दिसलं. लेकराला घेऊन वडाळ्याला माहेरी गेली म्हणे. आमच्या देवीला घाबरून पळाली, दुसरं काय! जाताना एक शब्द नाही. जा मेली, असं म्हणून मी मनातल्या मनात तिला भरपूर शिव्या घातल्या.

दिवस गेले. शेजारीण परत आली, पण आमचा अबोला तसाच राहिला. मग एक दिवस डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "रक्त स्वच्छ आहे. आता खेळू दे हिला." घरी आले ती चप्पल न काढताच मी डहाळा ओढून काढला. वाळून खडखडीत झाला होता. शेजारीण तिच्या दारात उभी होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "देवी आलीच नव्हती गं. सोंग होतं ते."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "देवी घरात आसताना फोडणी कोण देता गो? पयल्याच दिवशी लसणीचा वास गॅलरीभर."

मी कपाळावर हात मारला. देवी असेपर्यंत घरात फोडणी नाही, तळण नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. पोर जेवते म्हटल्यावर सगळं विसरले होते.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"मग! पोर जेवता हा, म्हणून आम्हीपण तसेच हात जोडत राहिलो."

"मग तू वडाळ्याला कशाला पळालीस?"

"माझ्या पोराच्या अंगावर खरेच फोड उठले होते. चादरीत गुंडाळून मागच्या जिन्याने नेला. तुझ्या दारावरून न्यायचा नव्हता."

"सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू घाबरून मेली असतीस."

एका भिंतीपलीकडे होतं ते, आणि माझी लेक इथे वरण चाटत होती. "आत ये," मी म्हटलं. तरी ती उंबऱ्याबाहेरच, सवयीने. लेकीच्या डोक्यावर तेव्हा नुकतीच लव आली होती. तिने जाऊन शेजारणीचा पदर ओढला. "मावशी, ये ना गं."

"थांब गो बाय," शेजारीण म्हणाली. आधी नळावर गेली, साबण लावून हातपाय धुतले, आणि मग आत आली.